चौथ्या ओळीत अडकलेल्या मुलुंडकराला

पत्र: "ताई, मी २९ वर्षांचा, मुलुंड ईस्टला राहतो, ऑफिस लोअर परळला. दीड वर्ष झालं क्लासिकल गिटार शिकतोय, शनिवारी संध्याकाळी क्लास असतो. रोज घरी यायला नऊ वाजतात त्यामुळे आठवडाभर गिटारला हात लागत नाही, मग रविवारी सलग तीन तास बसतो. स्पॅनिश रोमान्स या पीसचा पहिला भाग आता बरा येतो पण दुसऱ्या भागात, ई मेजरमध्ये, माझ्या प्रिंटआउटवरच्या चौथ्या ओळीतला बॅरे (तर्जनी आडवी टाकून बऱ्याच तारा एकदम दाबायच्या तो) आला की धाडकन थांबतो. गंमत म्हणजे नुसता तो बॅरे धरून वाजवला तर सरांसमोर सगळ्या तारा स्वच्छ वाजतात, पीसमध्ये मात्र नाही. जूनपासून हेच चाललंय. अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. उजव्या हाताची नखं सारखी तुटतात. आई म्हणते तेच तेच काय वाजवतोस रे. मित्राने माझ्यानंतर सुरू केलं आणि तो चार कॉर्ड्सवर पन्नास गाणी म्हणतो. नक्की किती तास रियाज हवा? की मला उशीर झालाय? – अडकलेला."

अरे अडकलेल्या,

उशिराचं आधी उरकून टाकते. मी गिटार पहिल्यांदा मांडीवर घेतली तेव्हा ३६ वर्षांची होते, धाकटा बालवाडीत होता आणि नवरा म्हणाला होता घे बाई, हेही होऊन जाऊ दे एकदाचं. तू २९चा आहेस. हा विषय संपला.

मित्राचंही संपवते लगेच. तो गाणी म्हणतो आणि गिटार साथीला घेतो, तू एकाच वाद्यावर बास, मधली साथ आणि मेलडी तिन्ही एकदम सांभाळायला बघतोयस. तो वडापावची गाडी चालवतोय आणि तू पुरणपोळी शिकतोयस, दोन्ही चविष्ट, पण तुलना काय करायची त्यात.

आता किती तास. खरं सांगू का, तुझ्या पत्रात उत्तर तूच लिहून पाठवलंयस, फक्त वेगवेगळ्या वाक्यांत लिहिल्यामुळे तुला ते दिसलं नाहीये. एक, नुसता बॅरे येतो पण पीसमध्ये येत नाही. दोन, आई म्हणते तेच तेच वाजवतोस. आई अगदी बरोबर ऐकतेय! तू रविवारी काय करतोस ते मला इथे बसून दिसतंय. पहिल्यापासून सुरू करतोस, ई मायनरचा भाग छान गोड वाजतो, स्वतःलाच बरं वाटतं, मग ई मेजर, मग चौथी ओळ, धाडकन, तोंडातून काहीतरी निघतं, आणि परत पहिल्यापासून. एका खेपेला दोन मिनिटं धरली आणि मधला चहा, ट्यूनिंग, फोन वगैरे वजा केलं तरी तीन तासांत साठेक खेपा होतात. म्हणजे जे येतं ते साठ वेळा वाजलं, जे येत नाही ते एकदाही नीट वाजलं नाही, आणि त्या जागी येऊन थांबायचं हे मात्र साठ वेळा पाठ झालं. हाताला काय कळतं रे ही चूक आहे म्हणून, तू त्याला जे परत परत देतोस ते तो इमानेइतबारे शिकतो. जूनपासून तू त्या बॅरेवर थांबायचा रियाज करतोयस आणि तो रियाज मस्त झालाय.

हसू नकोस, मी हेच दोन वर्षं केलं. माझे सर धोबीतलावला राहायचे, जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर, लाकडी जिना, वर गेलं की पंख्याचा कुरकुर आवाज आणि भिंतीला टेकलेल्या चार गिटारी. मी कारकासी या जुन्या गिटारवादकाच्या ओपस ६० या संग्रहातली तीन नंबरची स्टडी वाजवत होते, ए मेजरमधली, तिच्यात मध्ये एका ठिकाणी मी दर आठवड्याला तशीच पडायचे जशी तू पडतोस. आणि दर आठवड्याला सांगायचे की सर घरी येत होतं हो. एक दिवस त्यांनी ऐकता ऐकता हात वर केला, म्हणाले "तुका येता तें कित्याक वाजयता गो?", म्हणजे जे तुला येतं ते वाजवतेसच कशाला. मग ड्रॉवरमधून शिवणकामाची मोठी कात्री काढली, माझी झेरॉक्स घेतली आणि सरळ कापली. दोन बारांची, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या दोन घरांची, एक चिठ्ठी, चार बोटं लांब, माझ्या हातात दिली आणि उरलेला कागद स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर बंद केला. ही घेऊन जा, बाकीचं माझ्याकडे राहील. पूर्ण महिना मी ती चिठ्ठी वाजवली. पहिल्या आठवड्यात मला इतका राग आला होता की मी मेट्रो सिनेमाच्या सिग्नलला ठरवलं होतं क्लास सोडायचा. चौथ्या आठवड्यात त्यांनी कागद परत दिला, मी सुरुवातीपासून वाजवलं आणि ती जागा कधी येऊन गेली ते मला दोन ओळी पुढे गेल्यावर कळलं.

तर तुझं काम आजच्या आज एवढंच, प्रिंटआउटची अजून एक कॉपी काढ आणि कात्री घे.

पण कुठे कापायचं ते नीट ऐक, कारण इथेच सगळे चुकतात. तू बॅरेचा बार कापशील. तो नाही कापायचा एकटा. बॅरे तुला येतो, तूच लिहिलंयस. तू अडकतोस तो बॅरेच्या आधीच्या अर्ध्या सेकंदात, आधीचा आकार सोडून हात हवेत जातो तिथे. म्हणून चिठ्ठी अशी काप की आधीच्या बारातला शेवटचा ट्रिपलेट (एका ठोक्यातल्या तीन नोटा) आणि बॅरेच्या बाराचा पहिला ट्रिपलेट दोन्ही तिच्यात येतील. तीन नोटा आणि पुढच्या तीन नोटा. सहा नोटा, बस्स. हा तुझा आठवड्याचा रियाज आहे आणि विश्वास ठेव, पुरून उरतो.

आता त्या सहा नोटांचं काय करायचं. आधी तीन वाजव आणि थांब, हात तारांवरून जेमतेम उचल आणि बघ, शांतपणे बघ, कुठलं बोट कुठे जायचंय. बहुतेक जण बॅरे दिसला की सगळी बोटं एकदम तव्यावर पोळी टाकल्यासारखी टाकायला जातात आणि मग एक बोट पडतं भलतीकडे. पण रोमान्समध्ये बाराच्या पहिल्या ठोक्याला काय वाजतं? अंगठ्याने बास आणि अनामिकेने वरची मेलडी, एवढंच. मधल्या तारा त्यानंतर एकेक करून येतात. म्हणजे ज्या बोटांनी बास आणि वरची तार धरलीय ती आधी पोचली की पहिला ठोका वाजला, बाकीच्यांना किंचित का होईना वेळ आहे. ती जागा बॅरेच्याच बोटाची असेल तर तर्जनी आधी, मग बाकीचे. क्रम ठरव, पेन्सिलने चिठ्ठीवर १ २ ३ लिही. आणि आधीच्या आकारातलं एखादं बोट त्याच तारेवर पुढे जाणार असेल तर ते उचलूच नकोस, दाब सोड आणि तारेवरून अलगद सरकव, जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून अंधारात उतरतो ना आपण, तसं ते बोट बाकीच्यांना वाट दाखवतं.

मेट्रोनोम, म्हणजे लयीत टिकटिकणारं यंत्र, मिनिटाला ४० वर लाव, एका क्लिकला एक ट्रिपलेट. हो ४०. कंटाळवाणं आहे, माहितीये. आपल्याकडे गाणारी माणसं विलंबित लयीत अर्धा-पाऊण तास एक राग उलगडत बसतात तेव्हा आपण माना डोलावतो, मग गिटारवर आलं की एवढी घाई का होते देव जाणे. पाच शेंगदाणे डावीकडे ठेव. सहा नोटा बिनचूक वाजल्या की एक दाणा उजवीकडे. चुकलं की सगळे परत डावीकडे. पाचही उजवीकडे गेले की खाऊन टाक आणि मेट्रोनोम ४ ने वाढव. दाणे पलीकडे जातच नसतील तर तू वाईट नाहीयेस, लय जास्त आहे, खाली ये. आमच्याकडे धाकट्याला हा खेळ इतका आवडला की तो शेजारी बसून मोजायचा आणि मी चुकले की त्याला आनंद व्हायचा, कारण गोळा केलेले दाणे मग तो खायचा.

अंगठ्याचं दुखणं. हे मी हलक्यात घेत नाहीये. स्नायू दमल्याची जडशी कळ असेल तर ती विश्रांतीने जाते, पण टोचल्यासारखं दुखत असेल, मुंग्या येत असतील किंवा बोट बधिर होत असेल तर हे पत्र खाली ठेव आणि आधी डॉक्टरांकडे जा, रियाज पळून जात नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं, आपण चिमटा काढल्यासारखा बॅरे दाबतो. एक करून बघ. बॅरेचं बोट तारांवर नुसतं ठेव, न दाबता, आणि उजव्या हाताने वाजव, नुसता ठक ठक आवाज येईल. आता अगदी थोडा दाब वाढव, परत वाजव. परत थोडा. मध्ये एक जागा येते जिथे तार झिणझिणते, बझ होते, आणि त्याच्या जरा पुढे आवाज स्वच्छ होतो. तिथेच थांब. तेवढाच दाब लागतो, आणि शंभरातल्या नव्वद जणांना धक्का बसतो की आपण याच्या दुप्पट दाबत होतो. अजून दोन गोष्टी, तर्जनी अगदी सपाट नको, किंचित कडेवर, अंगठ्याच्या बाजूला कललेली, आणि जोर चिमटीतून न काढता दंडाचं वजन मागे ओढल्यासारखं वापर. बॅरेखालच्या सगळ्या तारा वाजतातच असं नाही, ज्या वाजत नाहीत त्या दाबायची फुकट मेहनत कशाला.

थांब, एक गोष्ट राहिली आणि ती कदाचित सगळ्यात महत्त्वाची असेल. तू लिहिलंयस जूनपासून. जूनपासून का रे? मुंबईत जूनमध्ये काय होतं? गिटारचं लाकूड पावसाळ्यात ओल धरतं, वरची फळी फुगते, तिच्यावरचा ब्रिज, जिथे तारा बांधलेल्या असतात तो, वर येतो आणि त्याच्याबरोबर ताराही फिंगरबोर्डपासून लांब जातात, याला ॲक्शन वाढली म्हणतात. दाराची चौकट फुगून दार घासतं ना, तोच प्रकार. घरातली स्टीलची पट्टी घे आणि १२ व्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोज. क्लासिकलला पातळ ई तारेला साधारण ३ मिलिमीटर आणि जाड ई तारेला ४ च्या आसपास ठीक असतं. तुझी ४ आणि ५ निघाली तर तू तीन महिने फुगलेल्या लाकडाशी कुस्ती खेळतोयस आणि दोष स्वतःला देतोयस. रिपेअरवाल्याकडे जा, पण त्याला ब्रिजवरची ती पांढरी पट्टी, सॅडल, आहे तीच घासून देऊ नकोस, पावसाळ्यासाठी एक वेगळं कमी उंचीचं सॅडल करून घे आणि जुनं जपून ठेव, नाहीतर डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी झाली, फळी बसली की तारा फ्रेट्सवर खडखडायला लागतील आणि परत खर्च. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, माझं सॅडल ऑगस्टमध्ये घासलं गेलं आणि पुढचा हिवाळा मी खालच्या तारांखाली कागदाचे कपटे घालून काढला.

आता वेळ. तुला आकडाच हवाय म्हणून सांगते, अँडर्स एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास छापला, ज्यातून पुढे लोकांनी पारंगत व्हायला १०,००० तास लागतात हा आकडा उचलला. त्यातली चांगली मुलं रोज साधारण साडेतीन तास एकट्याने रियाज करायची. पण लोक पुढचं वाचत नाहीत, ते तास सलग नसायचे, तुकड्यांत असायचे, मध्ये विश्रांती, आणि दुपारी चक्क झोप. त्यांना करी रोडच्या पुलावरून रेटारेटी करत लोअर परळला जायचं नव्हतं. तुला सोमवार ते शुक्रवार रोज २० मिनिटं हवीत. २० खरी, घड्याळ लावून. ही आठवड्याची शंभर मिनिटं, म्हणजे तुझ्या रविवारच्या जवळजवळ निम्मीच, पण पाच दिवसांच्या खंडानंतर हात आधीचं आठवण्यातच अर्धा रविवार घालवतो, रोज भेटलं की तो खर्च वाचतो. शिवाय रात्री जे हळू आणि नीट वाजवलंस ते झोपेत पक्कं होतं, सकाळी उठून वाजवलं की तुलाच नवल वाटेल.

नऊला घरी येतोस ना, मग जेवायच्या आधी. कपडे बदल, हातपाय धू आणि बस, जेवल्यावर बसणार म्हणशील तर मला माहितीये जेवल्यावर काय होतं. गिटार केसमध्येच राहू दे, पावसात ते बरं, पण केस कपाटावर चढवून वर इस्त्रीचे कपडे ठेवू नकोस, दाराच्या मागे उभी राहू दे. डाव्या पायाखालचं फूटस्टूल आणि चिठ्ठी मांडलेली असू दे. फूटस्टूल नसेल तर मी पहिलं वर्ष दोन पाट एकावर एक ठेवून काढलं, खाली जुना टॉवेल म्हणजे सरकत नाहीत.

पहिली ४ मिनिटं नुसता उजवा हात. जुलियानी या इटालियन गिटारवादकाची ओपस १ म्हणून उजव्या हाताची १२० एक्सरसाइझेस आहेत, १८१२ मधली, आणि सगळीच्या सगळी दोन कॉर्ड्सवर, सी आणि जी सेव्हन. दोनशे वर्षांपूर्वी त्या माणसाला कळलं होतं की डावा हात बिनडोक कामाला लावला तरच उजव्याकडे लक्ष जातं. रोज एकच घे, आवाज एकसारखा येतोय का ऐक, अनामिकेची नोट बाकीच्या दोघींपेक्षा जरा वर यायला हवी कारण रोमान्समध्ये गाणं तीच गातेय. मग १२ मिनिटं चिठ्ठी. शेवटची ४ मिनिटं काहीतरी असं वाजव जे येतं, मजेसाठी, न थांबता.

दुसऱ्या आठवड्यापासून चिठ्ठ्या तीन कर. एक ही, एक पुढच्या कुठल्या तरी अवघड सांध्याची, एक तुझ्या सरांनी दिलेल्या स्केलची. पार्ले-जीच्या नाहीतर कसल्याही रिकाम्या डब्यात टाक आणि भिशीची चिठ्ठी काढतात तशी काढ, जी निघेल ती दोन मिनिटं, परत डब्यात, परत काढ. तुला वाटेल की एकच घोटत बसलो असतो तर लवकर आलं असतं, आणि त्या संध्याकाळपुरतं ते खरंही असेल. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या दोघा संशोधकांनी एक प्रयोग केला होता, लाकडी अडथळे ठरलेल्या क्रमाने हाताने पाडायचे, असे तीन क्रम. एका गटाने एकेक क्रम घोटून मग पुढचा घेतला, दुसऱ्याने तिन्ही मिसळून केले. सराव चालू असताना घोटणारे पुढे होते, दहा दिवसांनी परत करायला लावलं तेव्हा मिसळणारे पुढे. पीसमध्ये नेमकं तेच लागतं की नाही, तिथे तो बॅरे तुझ्याकडे एकदाच येतो, तयारी न देता, पाच वेळा करून बघतो म्हणायची सोय नसते. म्हणून पहिला आठवडा एकच चिठ्ठी, हाताला वळण लागेपर्यंत, मग डबा.

आणि लोकल आहे की. मुलुंड ते करी रोड स्लो लोकलने पाऊण तास तरी जातो. चौथी सीट मिळाली काय आणि उभा राहिलास काय, फोनवर त्या दोन बारांचा फोटो ठेव, एकदा बघ, फोन खिशात, डोळे मिट आणि डाव्या हाताची बोटं मनात हलव, कुठल्या तारेवर, कुठल्या फ्रेटवर, आधी कोण मग कोण. जिथे चित्र पुसट होतं तिथेच रात्री हात अडकणार आहे, आधीच कळतं. उजव्या हाताने मांडीवर अनामिका-मधलं-तर्जनी, अनामिका-मधलं-तर्जनी वाजव. शेजारचा बघेल. बघू दे, त्या डब्यात जप करणारे असतात, भाजी निवडणाऱ्या आमच्याकडे लेडीज डब्यात असतात, तू गिटार वाजव.

रात्री आवाजाची पंचाईत असेल तर ब्रिजजवळ तारांखाली एक मऊ फडकं सरकव, आवाज मरतो, बोटांचा रियाज होतो. रोज नको पण, टोन ऐकण्याची सवय जाते.

नखं. बाबा रे, हा माझा जिव्हाळ्याचा विषय. उजव्या हाताची वाढवलेली, डाव्याची मुळापासून कापलेली, हळदीकुंकवाला गेले की बायका बघतात आणि एकीने तर विचारलं होतं की काही नवस आहे का. मी कणीक डाव्या हाताने मळायला शिकले, पोळ्या आता गोल येतात पण तीन वर्षं गेली त्यात. तुझी तुटतात ती मला खात्री आहे लोकलच्या कड्या आणि दाराचा दांडा धरून, उजव्या हाताने धरणं सोड. लांबी बोटाच्या टोकापुढे दीड मिलिमीटर पुरे, कानशीने आकार दिला की हार्डवेअरच्या दुकानातून १००० किंवा त्याहून बारीक नंबरचा पॉलिश पेपर आणून कड गुळगुळीत कर, खरखरीत कडेवरूनच चीर पडते. एखादं मोडलंच तर रियाज बंद करायचं कारण नाही, तारेगा या नावाजलेल्या स्पॅनिश गिटारवादकाने उतारवयात नखं काढूनच टाकली होती आणि बोटाच्या मांसल टोकाने वाजवायचा. थोडे दिवस तुझा आवाज मऊ येईल इतकंच.

राहिला रविवार. तीन तास बसू नकोस. दुपारी चहाच्या वेळेला आईला समोर बसव, फोन रेकॉर्डिंगला लाव आणि सगळा पीस एकदाच वाजव, एकदाच, चौथ्या ओळीत काहीही झालं तरी न थांबता. बॅरे चुकला तर चुकू दे, बास वाजव आणि पुढच्या बारात उडी मार, थांबायची जी सवय पाठ झालीय ती अशीच मोडणार आहे. मग आईला विचार कुठे कुठे अडखळलो. तिला स्टाफ नोटेशन येत नाही म्हणून हसू नकोस, जूनपासून ती हा पीस तुझ्याइतक्याच वेळा ऐकतेय आणि तिला तो बहुधा तुझ्याआधी पाठ झालाय. ती जिथे म्हणेल तिथे कात्री. मग रेकॉर्डिंग ऐक, मन घट्ट करून. मी माझं पहिलं ऐकलं तेव्हा कळलं की जी जागा मला भयंकर वाटत होती तिथे जेमतेम एक ठोका लांबत होता, आणि जिथे मी मोठ्या ऐटीत वाजवत होते तिथे लय मालगाडीसारखी कमीजास्त होत होती.

दिवाळीपर्यंत कर एवढं. आणि पट्टी आज रात्रीच लाव, सहा मिलिमीटर निघाले तर पुढचं पत्र मला नको, रिपेअरवाल्याला.

– ताई